पाठ टेकू दिली नाही

कुस्ती हरलेल्या पोरासाठी भरलेलं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं, हे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला सांगून पटत नाही. मलाही पटलं नसतं. आमच्याकडे निकाल सरळ असतो. एकाची पाठ मातीला लागली की दुसऱ्याच्या डोक्याला फेटा. हरलेला पैलवान अंगावरची माती झटकत गर्दीतून कधी निघून जातो, कुणाच्या ध्यानातही येत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आयोवा सिटी या विद्यापीठाच्या गावात राहायला आल्यावर मला हा वेगळा प्रकार दिसला. त्याचं कारण गुणांच्या हिशोबात दडलेलं आहे, म्हणून आधी तो हिशोब सांगते.

अमेरिकेतल्या कॉलेजांची कुस्ती ऑलिंपिकमधल्या फ्रीस्टाइलहून थोडी निराळी. तिला तिथे फोकस्टाइल म्हणतात, आणि तिच्यात ताब्याला फार मान आहे. दोन विद्यापीठांचे संघ एका संध्याकाळी समोरासमोर येतात. वजनी गट दहा, १२५ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ५७ किलोपासून १२९ किलोपर्यंत. प्रत्येक गटात विद्यापीठाचा एकच मल्ल. कुस्ती सात मिनिटांची. पट काढून समोरच्याला खाली आणलं आणि ताबा घेतला की तीन गुण (२०२३ पर्यंत दोनच मिळत). खालचा निसटला तर त्याला एक. मिनिटाहून जास्त वेळ वरचढ ताबा ठेवला असेल तर शेवटी त्याचाही एक. दोन्ही खांदे मॅटला टेकले की चितपट, कुस्ती तिथेच संपली.

इथवर आपल्याला अनोळखी काही नाही. पण जिंकणाऱ्याच्या संघाला किती गुण द्यायचे, हे तो किती फरकाने जिंकला यावर ठरतं. सातपर्यंतचा फरक असेल तर संघाला तीन. आठ ते चौदा असेल तर चार. पंधराचा फरक पडला की कुस्ती थांबवून पाच देतात. चितपटीला सहा. जो पोरगा हरणार हे सगळ्यांना दिसतंय, त्याच्याही हातात म्हणून काहीतरी उरतं. तो चितपट झाला नाही तर समोरच्यांना सहाऐवजी चार किंवा तीनच मिळतात. त्याने वाचवलेले गुण फलकावर कुठे लागत नाहीत, पण शेवटच्या बेरजेत ते असतात.

हे मला शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी शिकवलं. आयोवा विद्यापीठाच्या कुस्त्या कार्व्हर-हॉकआय अरीनात होतात. ही इमारत एका घळीत बांधलेली आहे. रस्त्यावरून आत शिरलं की आपण सगळ्यात वरच्या कडेला असतो आणि पायऱ्या खाली खाली मॅटकडे उतरत जातात. पंधरा हजारांच्या आसपास माणसं मावतात. आजी एका शेतकऱ्याच्या पत्नी, नवरा गेल्यावरही आपली जागा न सोडलेल्या. मांडीवर वही, वहीत प्रत्येक कुस्तीचे गुण पेन्सिलने मांडलेले.

त्या दिवशी १८४ पौंडांचा नेहमीचा मल्ल खांदा दुखावून बाहेर बसला होता आणि एक राखीव पोरगा उतरला होता. समोरचा देशातल्या पहिल्या दहांत गणला जाणारा. त्याने पहिल्याच मिनिटात पट काढला. आमचा पोरगा कसाबसा निसटला, परत पट बसला. शेवटच्या सत्रात त्याने पोराला उलथवून पाठीवर घेतलं. पंच मॅटवर आडवे झाले, खांद्याखाली हात सरकवून बघायला लागले. पोराने मान मॅटमध्ये रोवली आणि टाचांवर जोर देऊन कमान केली. डावा खांदा टेकलेला, उजवा चार बोटं वर. मानेच्या शिरा वरच्या रांगांतून दिसत होत्या. समोरचा आपलं सगळं वजन छातीवर टाकत होता आणि तो उजवा खांदा खाली यायचा, थरथरायचा, परत वर जायचा. घड्याळात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ होता. तेवढ्यात सगळं अरीना उठून उभं राहिलं. भोंगा वाजला तेव्हा तो अकरा-एक असा हरला होता, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

मी आजींना विचारलं, "हरला ना तो?"

"हरला की," त्या म्हणाल्या, "पण आपले दोन वाचवले त्यानं." वहीत समोरच्यांच्या नावे त्यांनी चार लिहिले आणि त्याभोवती गोल काढला. त्या संध्याकाळी आयोवा १७-१६ असं जिंकलं. तो पोरगा चितपट झाला असता तर तेच १७-१८ झालं असतं. घरी जाताना पार्किंगमध्ये लोक जिंकलेल्या पाचांच्या आधी त्याच्याबद्दल बोलत होते.

खेळाने चारित्र्य घडतं असं आपण भाषणांत ऐकतो. मला वाटतं, नुसत्या खेळाने काही घडत नाही. मांडणी कशी आहे त्यावर ते अवलंबून असतं. एकट्याच्या कुस्तीची कॉलेजने संघाची कुस्ती केली, आणि हरणाऱ्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाला किंमत आली. ती किंमत ओळखणारे प्रेक्षकही त्यामुळेच तयार झाले.

आयोवातच हे इतकं का रुजलं, तर या राज्याकडे दुसरं फारसं नाही. वस्ती ३२ लाखांच्या आसपास, मका आणि सोयाबीनची शेती, आणि अव्वल दर्जाचा व्यावसायिक संघ फुटबॉलचा नाही, बास्केटबॉलचा नाही, बेसबॉलचाही नाही. न्यूयॉर्क-शिकागोवाल्यांकडे निवड असते. इथल्या माणसाकडे विद्यापीठ असतं. कुणी आयोवा विद्यापीठाचं काळं-पिवळं घालतं, कुणी एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठाचं लाल-सोनेरी, आणि एकाच घरात दोन रंग असले की नाताळच्या जेवणातही वाद होतात. कुस्ती तर शाळेपासून. राज्याची शालेय स्पर्धा राजधानीत भरते तेव्हा छोट्या छोट्या गावांतून लोक बर्फातून गाड्या हाकत येतात. ज्याचं शाळेतलं मैदान पाहिलं, तोच पोरगा पुढे विद्यापीठाच्या मॅटवर दिसतो. त्यामुळे प्रेक्षक त्याला ओळखतात. त्याचा बाप काय पिकवतो तेही त्यांना माहीत असतं. डिसेंबर २००८ मध्ये आयोवा विरुद्ध आयोवा स्टेट या लढतीला कार्व्हरमध्ये १५,९५५ माणसं होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये ओक्लाहोमा स्टेटशी कुस्त्या फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर उघड्यावर घेतल्या, तेव्हा ४२,२८७.

हे वाचून कोल्हापूरकराला खासबाग आठवणारच. शाहू महाराजांनी बांधलेलं आणि १९१२ साली सुरू झालेलं ते मैदानही मध्ये खोल, भोवती चढत गेलेलं. कुठूनही बसा, हौद्यातली पकड दिसते. माझे वडील तिथे माझ्या भावाला घेऊन जायचे. मला नाही नेलं. मुलींनी जायची ती जागा नव्हती, एवढंच उत्तर मिळायचं. हलगीचा आवाज मी घराच्या गच्चीवरून ऐकलेला आहे. त्यामुळे कुस्ती जवळून बघायला मला सातासमुद्रापार यावं लागलं, याची खंत अजून जात नाही.

आयोवात कुस्तीचं दैवत म्हणजे डॅन गेबल. वॉटर्लू या इथल्याच गावचे. शाळेत आणि आयोवा स्टेटमध्ये मिळून १८१ कुस्त्या जिंकल्या आणि एकच हरले, पण ती कॉलेजमधली शेवटची, १९७० च्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम कुस्ती. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅरी ओविंग्जने १३-११ ने घेतली. इथली म्हातारी माणसं त्या १८१ बद्दल कमी आणि त्या एकीबद्दल जास्त बोलतात. त्यानंतर गेबल १९७१ साली जगज्जेते झाले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ६८ किलोत एकही गुण न देता सुवर्णपदक घेऊन आले. मग आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत संघाला १५ राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली, त्यातली नऊ ओळीने. अरीनाबाहेर त्यांचा पुतळा आहे. आता दिवस पालटलेत. गेली दहा-पंधरा वर्षं बहुतेक अजिंक्यपदं पेन स्टेट विद्यापीठ नेतं. आयोवाला २०१० नंतर एकदाच, २०२१ साली मिळालं. तरी कार्व्हरच्या खुर्च्या भरतात. २०२१-२२ ला तर हंगामाची सगळी तिकिटं आधीच संपली होती.

प्रेक्षकांचा लोभ आंधळा नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. कुस्ती टाळणाऱ्याला हे लोक सोडत नाहीत. कडेकडेने फिरणारा, नुसता वेळ काढणारा मल्ल दिसला की हजारो कंठांतून पंचांना उद्देशून ओरड सुरू होते. पंच आधी ताकीद देतात, मग समोरच्याला गुण. आणि आपल्याच पोराने वेळ काढला तर आजी माझ्या शेजारी गप्प होतात, पेन्सिल खाली ठेवतात. त्यांची नाराजी तेवढीच, पण ती पोराच्या कानावर जाते. गाव लहान आहे.

प्रेक्षकांना न दिसणारी अर्धी गोष्ट सरावाच्या खोलीत असते. तिथे तीसेक पोरं घाम गाळतात, मॅटवर उतरतात दहा. एका वजनाला एकच जागा, म्हणून आधी आपसात कुस्ती होते. रोज ज्याच्याशी लढून तू शिकलास, त्यालाच हरवून जागा घ्यायची. हरलेल्याने दुसऱ्या दिवसापासून त्याच जिंकलेल्याला सराव द्यायचा, आणि चांगला द्यायचा, कारण तो कमी पडला तर संघ कमी पडतो. तालमीत वाढलेल्या कुणालाही हे कळेल. आपल्या वस्तादांनीही जोड लावताना हेच बघितलं. फरक एवढाच की इथे सोबत पदवीचा अभ्यास असतो. दर वर्षी ठरावीक प्रमाणात अभ्यासक्रम पुरा झाला नाही तर मॅटवर उतरता येत नाही. पैसाही जेमतेम असायचा. २०२५ पर्यंत नियम असा होता की एका विद्यापीठाने अख्ख्या कुस्ती संघाला मिळून ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांपेक्षा जास्त द्यायच्या नाहीत. त्या वाटून घेतल्या की कुणाच्या वाट्याला निम्मी फी, कुणाच्या वाट्याला पुस्तकांचे पैसे, आणि बऱ्याच जणांना काहीच नसायचं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे ही पोरं मला समोरून भेटतात. कान मोडलेले, हनुवटीवर मॅटने घासून उठलेला लाल चट्टा, आणि हातात रसायनशास्त्राचं जाड पुस्तक. बोलतात हळू. यातले बहुतेक चार-पाच वर्षं घाम गाळून एकदाही पंधरा हजारांसमोर उतरत नाहीत. तरी सोडून जात नाहीत. पुढे शाळेत शिक्षक होतात, शेतीवर परत जातात, संध्याकाळी गावातल्या पोरांना कुस्ती शिकवतात. राज्याच्या कुस्तीचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं. पदकं ही त्याची वरची फळं.

हे सगळं गोडच आहे असं मात्र म्हणणार नाही. १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिन्याभरात अमेरिकेत तीन कॉलेज मल्लांचा वजन उतरवताना मृत्यू झाला. रबरी कपडे घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून. त्यानंतर रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, आणि वजन कुस्तीच्या थोडाच वेळ आधी घ्यायचं ठरलं, म्हणजे उतरवलेलं वजन परत भरून काढायला सवडच मिळू नये. आपल्याकडे पैलवानांना वजनासाठी उपाशी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. दुखणं लपवून लढण्याचं कौतुकही मला झेपत नाही. स्पेन्सर ली हा आयोवाचा लाडका मल्ल. २०२१ चं राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध फाटलेले असताना जिंकलं. लोक आजही भारावून सांगतात. मला त्याच्या आईची काळजी वाटली होती. त्याचं मोठेपण मला दिसलं ते २०२३ साली. चौथ्या अजिंक्यपदाच्या वाटेवर उपांत्य फेरीत अखेरच्या सेकंदाला तो चितपट झाला आणि स्वप्न संपलं. पुढच्या वर्षी तो पॅरिस ऑलिंपिकला ५७ किलोत रौप्यपदक घेऊन उभा होता.

त्याच गटात आपला अमन सेहरावत होता. अमनला उपांत्य फेरीत आणि लीला अंतिम फेरीत हरवणारा एकच, जपानचा रेई हिगुची. अमनने कांस्यपदकाच्या कुस्तीत ज्याला हरवलं तो पोर्टो रिकोचा डेरियन क्रूझ, लीहाय विद्यापीठाकडून अमेरिकेचा कॉलेज विजेता झालेला. अमेरिकन कॉलेजांच्या खोल्यांतून जगभरासाठी मल्ल तयार होतात ते असे.

पैशाचं वारं इथेही शिरलंय. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, आणि २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. चांगला मल्ल दुसऱ्या विद्यापीठाने जास्त देऊ केलं की निघूनही जातो. गावच्या पोरावर जीव लावणाऱ्या प्रेक्षकांना हे जड जातंय. खेळाडूने मोबदला मागू नये असं मी म्हणणार नाही. शरीर त्याचं झिजतं. पण प्रेक्षक आणि पोरगा यांच्यातला धागा बारीक होतोय, हेही खरं.

एका गोष्टीचा मला मनापासून आनंद आहे. २०२० मध्ये आयोवा विद्यापीठाने पैसे नाहीत म्हणून चार खेळ बंद करायचं ठरवलं. त्यातला एक मुलींचं जलतरण. मुली कोर्टात गेल्या. आधार होता १९७२ चा कायदा, शिक्षणसंस्थेत मुलींना डावलायचं नाही असं सांगणारा. जलतरण वाचलंच, वर समझोत्यात मुलींची कुस्तीही आली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये घोषणा झाली, ऑलिंपिक पदकविजेत्या क्लॅरिसा चुन प्रशिक्षक म्हणून आल्या, आणि २०२३-२४ च्या पहिल्याच हंगामात आयोवाच्या मुली राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. त्यांची पहिली घरची लढत बघताना माझ्या पुढच्या रांगेत एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि पट कसा काढायचा ते हाताने दाखवत होता. मला रडू आवरलं नाही. त्याच २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, हेही मी त्या मुलीच्या बापाला थांबवून सांगितलं.

आता आपल्याकडचं. कॉलेजने मल्लाच्या पाठीशी उभं राहणं ही अमेरिकेतून आणायची गोष्ट नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. मॅटवरच्या कुस्तीचे धडे तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने दिले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलोत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडहून गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि परतल्यावर या माणसाने कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून आलेल्या पैशांनी प्राचार्यांचं घर सोडवलं. मी ही हकीकत आजींना सांगितली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि प्राचार्यांचं नाव मला पुन्हा पुन्हा उच्चारायला लावलं.

सुट्टीत कोल्हापूरला गेले तेव्हा एका कॉलेजच्या हॉलमध्ये आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या बघायला गेले होते. कुस्त्या चांगल्या होत्या. बघायला मात्र पैलवान, त्यांचे वस्ताद आणि क्रीडाशिक्षक. ज्या कॉलेजात स्पर्धा होती, तिथली पोरं बाहेर कट्ट्यावर बसलेली. आपला कोण लढतोय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हा दोष त्या पोरांचा नाही. वर्गावर्गांत नोटीस फिरवायला, दोन कॉलेजांच्या संघांची समोरासमोर लढत लावायला, गुणांचा फलक मोठ्या अक्षरांत टांगायला आणि मुलींच्या कुस्त्या त्याच मॅटवर त्याच संध्याकाळी ठेवायला घर गहाण टाकावं लागत नाही.

प्राचार्यांना माझं एवढंच सांगणं आहे की यंदा एक संध्याकाळ अशी करून बघा. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या कॉलेजात कुस्त्या, कबड्डी, खो-खो, काहीही असेल तर जा. लेकीलाही घेऊन जा.